सहाव्या पट्टीच्या चिठ्ठ्या

करंदीकर साहेब कधी खाली येत नसत. म्हणून जिन्यावर त्यांचे बूट वाजले तेव्हा हॉलमधल्या मशीनची हँडलं एकेक करून थांबली. मी सहा नंबरच्या टेबलाखाली गुडघ्यांवर बसलो होतो. तिथून मला साहेबांचे पाय आणि त्यांच्या हातातला चिठ्ठ्यांचा गठ्ठा एवढंच दिसत होतं.

"दातारबाई," साहेब म्हणाले, "मालती हुपरीकर कुठे आहे?"

"आत्ता होती साहेब. पाणी प्यायला गेली असेल."

साहेबांनी गठ्ठा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "तिचा भाऊ वर माझ्या खोलीत बसला आहे. मालती शुक्रवारी पहाटे वारली. कावीळ होती म्हणे."

पाच नंबरच्या टेबलावरून एक पेन्सिल खाली पडली आणि घरंगळत माझ्यापाशी आली. मागचं टोक चावलेलं होतं. ती नलिनी साळवीची पेन्सिल. मी ती उचलून हातात धरून बसलो.

"आणि या चिठ्ठ्या शनिवारच्या आहेत," साहेब म्हणाले. "चार फेऱ्या. सहावी पट्टी. अक्षर मालतीचं. सातांना आडवी रेघसुद्धा आहे."

ही गोष्ट १९६६ सालच्या मे महिन्यातली. मी सव्वीस वर्षांचा होतो. टिळक रोडवरच्या एका दुकानात हिशेबाची मशीन दुरुस्त करायचो आणि त्या कचेरीतल्या आठ मशीनची देखभाल माझ्याकडे होती. हँडल फिरवून बेरीज-भागाकार करायची मशीन होती ती. वीज लागत नसे, पण तेल फार लागे.

त्या हॉलमध्ये आठ मुली एकच गणित करत होत्या. एका नदीवर मातीचं धरण बांधायचं होतं. पाणी अडवल्यावर ते भिंतीखालच्या जमिनीतून किती जोराने झिरपेल, हे आधी काढायचं होतं. साहेबांनी धरणाचा उभा छेद काढून त्यावर चौकटी आखल्या होत्या आणि त्या कागदाचे आठ उभे तुकडे करून आठ टेबलांवर दिले होते. प्रत्येकीची एक पट्टी. पट्टीतल्या प्रत्येक ठिपक्यावर एक आकडा. त्याच्या चार बाजूंच्या चार आकड्यांची बेरीज करायची, चाराने भागायचं आणि जुना आकडा खोडून नवा लिहायचा. पट्टी पूर्ण झाली की एक फेरी झाली.

पण पट्टीच्या कडेवरच्या ठिपक्याचा एक शेजारी दुसऱ्या मुलीच्या कागदावर असायचा. म्हणून फेरी संपली की प्रत्येकीने आपल्या दोन्ही कडांचे आकडे चिठ्ठीवर लिहायचे. एक चिठ्ठी डावीकडच्या मुलीला, एक उजवीकडच्या मुलीला आणि दोन्हीची एकेक नक्कल वर साहेबांकडे. सगळ्यांच्या चिठ्ठ्या पोचल्या की दातारबाई घंटा वाजवत. ती पितळी घंटा त्यांनी घरच्या देवांपुढून आणली होती. घंटा वाजेपर्यंत कुणी पुढची फेरी सुरू करायची नाही. एकीला उशीर झाला तर सात जणी बसून राहत. मग गजरे ओवायच्या, एकमेकींची लग्नं ठरवायच्या, नाहीतर माझ्याकडे वळायच्या.

"मिस्त्री, तेल मशीनला घाला," दातारबाई म्हणायच्या, "नलूच्या पदराला नको."

एकट्या माणसाने ते गणित केलं असतं तर चार महिने गेले असते. आठ जणींनी ते दोन आठवड्यांत जवळजवळ संपवत आणलं होतं. आकडे फेरीगणिक कमी कमी बदलत जातात. आठही पट्ट्यांतला बदल ठरलेल्या मर्यादेच्या आत आला की गणित बसलं म्हणायचं आणि थांबायचं.

मालती आजारी पडली तेव्हा चोविसावी फेरी चालू होती. सगळ्या मुली रोजंदारीवर होत्या. लागोपाठ तीन दिवस गैरहजर राहिलं की नाव कटायचं आणि मालतीच्या घरी तिच्याशिवाय कमावणारं कुणी नव्हतं. दातारबाईंनी ठरवलं की तिचं नाव कटू द्यायचं नाही. जिची पट्टी आधी संपेल तिने उठून सहाव्या टेबलावर जायचं, मालतीच्या कागदावरच्या चार ओळी करायच्या आणि परत यायचं. मग दुसरीने जायचं. शेवटी चिठ्ठी लिहायची नलिनीने, कारण तिला मालतीचं अक्षर जमायचं. मालती मिशनच्या शाळेत शिकलेली. ती इंग्रजी सातच्या पोटातून आडवी रेघ मारायची. नलिनी ती रेघ हुबेहूब मारायची आणि दोघी त्यावरून पूर्वी हसायच्या.

शुक्रवारी दुपारी सहा नंबरचं मशीन अडकलं. मी उघडून पाहिलं तर आतल्या एका दातेरी चाकाचे दोन दात तुटले होते.

"उद्या सकाळी नवीन चाक आणतो," मी म्हणालो.

"नक्की?" नलिनीने विचारलं.

"नक्की."

शनिवारी सकाळी मी रिकाम्या हाताने गेलो. लेथवाल्याकडे गर्दी होती, असं सांगितलं. मालतीचा कागद चार हात लांब, टेबलावरच्या फळीला खिळ्यांनी ठोकलेला. तो हलवता येत नव्हता. नलिनी शेजारीच बसायची. ती दातारबाईंना म्हणाली, "मी माझ्या मशीनवर दोन्ही पट्ट्या करते. कुणी उठू नका."

पहिली फेरी तिने खरोखर केली. घंटेला सव्वा तास उशीर झाला. वरून शिपाई आला. "साहेब विचारतात, घंटा का नाही वाजली?" दातारबाईंनी काहीतरी सांगून त्याला परत पाठवलं.

दुसऱ्या फेरीला मी तिच्या मशीनला तेल घालायला गेलो. तिची पट्टी संपली होती. तिने मालतीची आधीच्या फेरीची चिठ्ठी पुढ्यात घेतली आणि तिच्यावरून नवी चिठ्ठी लिहायला सुरुवात केली. शेवटचा एखादा अंक इकडे तिकडे करत होती, म्हणजे आकडे ताजे वाटावेत. मालतीच्या कागदाकडे तिने पाहिलंही नाही. लिहिता लिहिता तिला जाणवलं की मी बघतो आहे.

"काय बघता?" ती हळू आवाजात म्हणाली.

"मशीन बघतो."

"मग मशीनच बघा."

तिने चिठ्ठी पुढे दिली. घंटा वेळेवर वाजली. तिसऱ्या आणि चौथ्या फेरीलाही वेळेवर वाजली. बाकीच्या मुलींना वाटलं, नलूचा हात काय चालतो. आणि त्या संध्याकाळी, एकोणचाळिसाव्या फेरीला, आठही पट्ट्यांतला बदल मर्यादेच्या आत आला. दातारबाईंनी घंटा तीनदा वाजवली. मुलींनी पेढे मागवले. सहावी पट्टी बदलतच नव्हती, म्हणून तिच्या शेजारच्या पट्ट्यांनाही बदलायचं कारण उरलं नव्हतं. पण हे त्या हॉलमध्ये फक्त नलिनीला आणि मला माहीत होतं.

सोमवारी साहेब खाली आले ते त्या चिठ्ठ्यांपायी.

"शुक्रवारी गेलेली मुलगी शनिवारी चिठ्ठ्या लिहीत नाही," ते म्हणाले. "कुणी लिहिल्या?"

दातारबाई उठून उभ्या राहिल्या. "सगळ्यांनी मिळून केली साहेब ती पट्टी. पाळीपाळीने. मीच सांगितलं होतं. काढायचं तर मला काढा."

"काढण्याचं नंतर बघू. मला आकड्यांचं सांगा. शनिवारच्या चारही फेऱ्या पूर्ण केल्यात?"

दातारबाईंचे पाय नलिनीकडे वळले. नलिनीचा चेहरा मला दिसत नव्हता. टेबलाखालून फक्त तिचे पाय दिसत होते. एका पायाने तिने दुसरा पाय दाबून धरला होता.

"केल्या साहेब," नलिनी म्हणाली.

"कुठल्या मशीनवर?"

"सहा नंबरच्या," दातारबाई घाईने म्हणाल्या. एकाच मुलीने दोन पट्ट्या केल्या म्हटलं तर साहेब ऐकणार नाहीत, हे त्यांना माहीत होतं.

साहेब वाकले. मला पहिल्यांदाच त्यांचा चेहरा दिसला. रात्रभर झोपले नसावेत असा. "दरेकर, हे मशीन शनिवारी चालू होतं?"

नवीन चाक माझ्या खिशात होतं. कागदात गुंडाळलेलं. त्याचे दात मांडीला टोचत होते.

"नीट विचार करून सांगा," साहेब म्हणाले. "चालू नसेल तर मला शुक्रवारपासून सगळं परत करावं लागेल. आठवडा जाईल, मुंबईचे लोक माझा जीव खातील, मृगाच्या आधी पाया भरून होणार नाही. पण मी ते करीन. उद्या त्या भिंतीखाली माणसं राहणार आहेत."

"चालू होतं साहेब."

"मग आज उघडून का बसलात?"

"तेल घालतोय."

साहेबांनी उघड्या मशीनकडे एकदा पाहिलं. मग उठले आणि म्हणाले, "मालतीच्या घरी कोण कोण जाणार आहे ते ठरवा. मीही येतो." बुधवारी आकडे मुंबईला गेले. कुणालाही काढलं नाही. करंदीकर साहेब चांगला माणूस होता.

त्या संध्याकाळी नलिनी सायकल स्टँडपाशी उभी होती.

"माझी पेन्सिल तुमच्याकडे राहिली," ती म्हणाली.

मी दिली.

"तुम्ही सगळं बघितलं होतं."

"हो."

"मग खोटं का बोललात?"

मी सायकलचं कुलूप काढायला वाकलो. ती म्हणाली, "मी शनिवारी तिच्या सातांना रेघा मारत होते आणि ती आदल्या दिवशीच गेली होती. तीन फेऱ्या मी तिच्या नावाने खोटं लिहिलं. निदान जिवंत असती तर तिला सांगितलं असतं."

पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं. घरच्यांसमोर ती मला अहो म्हणायची आणि दोघंच असलो की मिस्त्री.

लग्नानंतर ती सातच्या पोटात रेघ मारायला लागली. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "मुद्दाम नाही मारत. हात तसाच जातो." लोणच्याच्या बरण्यांवर तारीख लिहायची त्यात, केतकीच्या शाळेच्या वहीत घालून दिलेल्या पाढ्यांत, कॅलेंडरवर, सगळीकडे. केतकी आमची मुलगी. तिला वाटायचं सात असाच काढतात. शाळेत तिचे गुण कापले तेव्हा नलिनी तिच्या वर्गाच्या बाईंकडे जाऊन भांडून आली. घरी येऊन मात्र स्वयंपाकघरात बराच वेळ पाठमोरी उभी राहिली.

केतकी पाच वर्षांची असताना आम्ही ते धरण बघायला गेलो. जायचं नलिनीनेच काढलं. चैत्राचे दिवस होते. सगळीकडे जमीन भाजून निघालेली आणि भिंतीच्या पायथ्याशी दोन खोल्यांएवढ्या जागेत हिरवंगार गवत. नलिनी खाली बसली आणि तिने गवतावर हात टेकला. हात ओला झाला.

तिथे एक वॉचमन होता. म्हणाला, "घाम आहे बाई तो. धरणाला घाम येतोच. सगळ्याच धरणांना येतो."

"किती वर्षं येतोय?"

"मी आल्यापासून आहे."

"वाढलाय का?"

तो हसला. "आता गवत कोण मोजतंय?"

खाली गाव दिसत होतं. पिंपळसोंड. कौलं, एक शाळा, शाळेच्या पटांगणात मुलं रांगेत उभी. परतीची एसटी स्वारगेटला पोचली. तेव्हा ती म्हणाली, "सहावी पट्टी तिथेच येते. गवत आहे तिथे."

एक्क्याऐंशी साली त्या कचेरीत बॅटरीवर चालणारी मशीन आली आणि जुनी भंगारात निघाली. ती न्यायला मी गेलो. कपाटात त्या गणिताच्या कार्बन कॉपी होत्या, चिठ्ठ्यांसकट. त्याही भंगारात होत्या. मी त्या आणि एक मशीन घरी आणलं. नलिनीने कागद पेटीत ठेवले आणि वर जुन्या रजया घातल्या. पंचवीस वर्षं ती पेटी उघडली नाही.

पेटी उघडली गेली ती केतकीमुळे. ती हवामानाच्या गणितांवर काम करते. एका रविवारी जेवताना सांगत होती की एवढं मोठं गणित एका मशीनला झेपत नाही, म्हणून त्याचे तुकडे करतात. सोळाशे प्रोसेसर असतात, प्रत्येकाला नकाशाचा एक तुकडा.

"आणि कडांचं काय करता?" नलिनीने विचारलं.

केतकी चमकली. "आई, तुला कसं सुचलं हे? प्रत्येक फेरीनंतर कडेचे आकडे शेजाऱ्याला पाठवावे लागतात. सगळ्यांचे पोचल्याशिवाय पुढे जायचं नाही."

"एखाद्याने शिळाच आकडा पाठवला तर?"

"मशीन खोटं कशाला पाठवेल?"

"आणि एखादा बंद पडला तर?"

"मग सगळी रांग थांबते. वैताग येतो, पण थांबते."

"चांगलं आहे," नलिनी म्हणाली आणि तिला आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी तिने मला पेटीवरून रजया काढायला लावल्या. मशीन गंजलं होतं, ते मी दोन महिने खपून चालू केलं. तिने शुक्रवारच्या पस्तिसाव्या फेरीपासून नव्या वह्यांत पुन्हा सुरुवात केली. रोज दुपारी, भांडी झाल्यावर, तासभर. जमिनीवर आठ वाट्या मांडायची. एक पट्टी करून झाली की चिठ्ठी लिहून शेजारच्या वाटीत टाकायची आणि सरकून पुढच्या पट्टीवर बसायची. आठही मुली तीच. प्रत्येक आकडा दोनदा करायची. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी आकडे वाचून दाखवायचो आणि ती हँडल फिरवायची. एक फेरी व्हायला महिन्याच्या वर लागे. आठही वाट्या भरल्या की घंटा ती वाजवायची नाही. नुसती माझ्याकडे बघायची.

एकदा मी विचारलं, "बसतायत का आकडे?"

"सहावीतले वाढतायत."

"किती?"

"थोडे. पण दर फेरीला वाढतायत. थांबत नाहीत."

"कुठे थांबले की बरं म्हणायचं?"

तिने धरणाच्या छेदाच्या कडेला साहेबांनी लिहिलेला धोक्याचा आकडा दाखवला. सहावीतले आकडे अजून त्याच्या आत होते. किती आत, ते मी विचारलं नाही.

गेल्या वर्षी ती आजारी पडली. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात ती बरंचसं जुनं बोलायची. एका दुपारी म्हणाली, "मिस्त्री, त्या शनिवारी चाक आणलं असतं तर मी काही तसं केलं नसतं."

"माहीत आहे."

"का नाही आणलंत?"

"लेथवाल्याकडे गर्दी होती."

"गर्दीच असते त्यांच्याकडे," ती म्हणाली. डोळे मिटले. मला वाटलं झोपली. थोड्या वेळाने चादरीवर तिचं बोट हललं. वरून खाली एक रेघ आणि मग एक आडवी.

लेथवाल्याकडे गर्दी नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी मी नमुन्याला तुटकं चाक घेऊन निघालो तर वाटेत मित्र भेटले. कुस्त्या होत्या. शेवटची कुस्ती सुटेपर्यंत थांबलो आणि लेथवाल्याकडे पोचलो तेव्हा फळ्या लागल्या होत्या. चाक करायला त्याला वीस मिनिटं लागायची. रविवारी सकाळी त्याने घरून येऊन वीस मिनिटांतच करून दिलं. हे मी करंदीकर साहेबांना सांगितलं नाही. चव्वेचाळीस वर्षं नलिनीलाही सांगितलं नाही. ती आयुष्यभर एकटीचा दोष समजून त्या वाट्यांपुढे बसली आणि मी तिला आकडे वाचून दाखवत राहिलो.

तिला जाऊन आता सात महिने झाले. तेराव्याला केतकीला पेटीवरच्या वह्या दिसल्या. ती तिथेच जमिनीवर बसून चाळत राहिली.

"बाबा, हे आईने हाताने केलंय? सगळं?"

"हो."

"कशाचं आहे?"

"जुन्या कचेरीतलं. करायचं राहून गेलेलं."

"मला द्या की. आकडे भरायला दोन दिवस लागतील. गणिताला काही नाही, चहा गाळेपर्यंत होईल. शेवटपर्यंत नेऊन देते. आईला बरं वाटलं असतं."

"देतो," मी म्हणालो.

त्यानंतर तिने दोनदा आठवण करून दिली. दोन्ही वेळा मी म्हणालो, शोधून ठेवतो.

वह्या पलंगाखाली आहेत. सत्तराव्या फेरीच्या पाच पट्ट्या झाल्या आहेत आणि पाचवीची चिठ्ठी सहावीच्या वाटीत पडून आहे. सहावी, सातवी आणि आठवी राहिली आहे. वर्तमानपत्रात पिंपळसोंडचं नाव अजून आलेलं नाही. मी रोज बघतो. वह्या मी केतकीला अजून दिलेल्या नाहीत.